सुदामच्या डफावरची खूण

सुदाम गेला, हे मला औरंगपुऱ्यात न्हाव्याच्या खुर्चीत कळलं. पुतण्याचा फोन आला तवा अर्धी दाढी झाली होती. राहिलेली करून घेतली, मगच उठलो. त्याच्यापुढं मला कधी पडेल दिसायचं नव्हतं. तो मेल्यावरही नाय. याला आता दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिण्यात चुकलं तर चुकलं.

आम्ही दोघं एकाच गावची धनगराची पोरं. मेंढरं ओळखू यावीत म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली, ती गेरूनं पाठीवर काढायची. सुदामच्या घरच्या दोन आडव्या रेघा, आमचा एक गोल ठिपका. बहात्तरच्या दुष्काळात चाऱ्यामागं हिंडताना आमचे कळप एका कोरड्या नाल्यात मिसळले. वेगळे करताना त्याची एक गाभण मेंढी माझ्याकडं राहिली. नुकतीच कातरलेली, रेघा पुसट झालेल्या. मी तिच्यावर माझा ठिपका मारला... हे आजवर कुणाला सांगितलेलं नाय. सुदामनं तीन दिवस शोधलं, माझ्या कळपावरूनही नजर फिरवली, आणि "लांडग्यानं नेली असंल" म्हणून गप बसला.

पुढं मेंढरं संपली आणि आम्ही शहरात आलो. शहराच्या कडेला जिथं मेंढरं चारायचो तिथं प्लॉट पडले, त्याच जमिनीवर आम्ही विटा वाहिल्या. म्हातारपणी सुदाम वस्तीमागच्या पत्र्याच्या शेडात येशूच्या प्रार्थनेला जायला लागला. एका टँकरच्या उन्हाळ्यात त्याची बायको अंथरुणाला खिळली होती, तवा तिथल्या लोकांनी महिनाभर घरात पाणी आणून दिलं. तिथं गिटार, कीबोर्ड आणि सिनेमासारख्या चालीची नवी गाणी. सगळ्यांत दया, आणि "तू आमचाच".

मी विचारलं, "बदल्यात काय मागितलं?"

"काय नाय."

"आज नाय मागितलं म्हणजे उद्या मागतील."

"मागू दे की. तुझ्या घरचं थोडंच मागणार हायेत?"

मला पटलं नाय. फुकट पाणी आभाळही देत नाय, हे आम्ही दोघांनी बघितलेलं. मग कळलं की सुदामनं स्वतः गाणं रचलंय, बापाच्या डफावर. एका रविवारी मी शेडाच्या दारात जाऊन उभा राहिलो, चप्पल न काढता. तो डोळे मिटून गात होता... "चुकलेलं मेंढरू कुणाचं रे देवा, पाठीवर गेरू तुझ्या नावाचा." पोरंपोरी टाळ्या वाजवत होती. पन्नास वर्षं गप बसून यानं आता माझी चोरी भर सभेत चालीवर लावली, असंच मला वाटलं. दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाय.

शेवटचा भेटलो तवा तो खाटेवर होता, छातीचा भाता झालेला. मी बसलो नाय. उभ्यानंच विचारलं, "ते गाणं कुणावर रचलंस?"

"माझ्यावर. चुकलो व्हतो, कुणीतरी आपलं म्हटलं."

"आणि गेरू?"

तो हसला, खोकला. "नाना, गेरू एका पावसात जातो. तू कशाला धरून बसलास?"

तवाच सांगायला पाहिजे होतं. मेंढी मी घेतली, एवढं एक वाक्य. मी म्हणालो, "गुलमंडीत काम हाय," आणि निघालो. काम काही नव्हतं.

त्याचे दिवस झाल्यावर त्याच्या बायकोनं, कौसावहिनींनी, मला तो डफ दिला. म्हणाल्या, "भावजी, हा तुमच्याकडं राहू द्या, असं सांगून गेलेत." मी उलटा करून बघितला. आत लाकडी कड्यावर गेरूनं दोन आडव्या रेघा, आणि त्यांना लागूनच एक गोल ठिपका.

"हे कवा काढलं?"

"गाणं रचलं त्याच दिवशी. मी विचारलं, ठिपका कुणाचा? म्हणाले, ज्याचा हाय त्याला कळंल."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून.

डफ आता माझ्या खाटेसमोर खिळ्याला आहे, आतली बाजू पुढं करून. तो ठिपका टोमणा हाय का माफी, माझं अजून ठरत नाय. फुकटची दया मला आजही पटत नाय. पण काल सून धूळ पुसायला ओलं फडकं घेऊन आली, तवा मी उठून ते तिच्या हातातून काढून घेतलं. गेरू पाण्यानं जातो.