त्र्याऐंशी दारे

१४ मार्चला माझ्या धाकट्या भावाने बँकेतली मुदत ठेव मोडली. हाती आले दोन लाख सोळा हजार सातशे पन्नास. मुदत संपायला पाच महिने होते, म्हणून व्याज कापले गेले. शेजारच्या खुर्चीवर बसून मी त्याला हे दोनदा सांगितले. "दादा, पाच महिन्यांनी पैसे असतील, पण त्या टपालवाल्या म्हाताऱ्याला काही आठवत नसेल," असे म्हणून त्याने सही केली.

भाऊ माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करतो. सत्तावीस वर्षे हेच काम. सगळे माहितीपट जगावेगळ्या माणसांवरचे. बासष्टाव्या वर्षी विमान चालवायला शिकलेली शिंपीण, होकायंत्रे दुरुस्त करणारा आंधळा न्हावी, मधमाश्यांच्या पेट्या सायकलवरून फिरवणारा गणिताचा मास्तर. अशी एकेचाळीस आयुष्ये त्याने कानांत साठवली. शेवटी पडद्यावर नावे सरकतात, त्यात याचे नाव येईपर्यंत प्रेक्षक दाराशी पोहोचलेले असतात.

धंद्यात त्याला 'शांतता' म्हणतात. समोरचा माणूस जीव तोडून बोलत असला तरी याचे कान पंख्याकडे; जरा घरघर आली की हा काम थांबवतो. माझ्या बायकोने जेवताना पातेले जरा जोरात ठेवले की हा डोळे मिटून घेतो. "भावजींसाठी रबराची भांडी आणते आता," ती म्हणते.

बेचाळिसावा माहितीपट त्याचा स्वतःचा होता, त्या मोडलेल्या ठेवीच्या पैशांचा. माणूसही त्यानेच शोधला. एकोणऐंशी वर्षांचे एक आजोबा, चाळीस वर्षे टपाल कार्यालयात पत्रे ओळीने लावून घरोघर वाटण्याचे काम केलेले. नाक्यापासून नदीपर्यंतच्या रस्त्यावरची एकशे अठरा दारे त्यांना ओळीने पाठ होती. नुसते क्रमांक नव्हेत. कुठल्या दारी कोण राहत होते, कुणाची पत्रे कुठून यायची, कुणाची यायची बंद झाली, सगळे. पण हिवाळ्यापासून नावे निसटू लागली होती. ती एकशे अठरा दारे एकदाच, एका दमात टिपायची, एवढेच भावाला हवे होते. बाकीचा माहितीपट त्याभोवती उभा राहणार होता आणि ते नसेल तर काहीच उभे राहणार नव्हते.

चित्रीकरणाच्या तिसऱ्या दिवशी त्याची मोटारसायकल दुरुस्तीला होती. मी त्याला माझ्या गाडीने आजोबांच्या घरी सोडले आणि तिथेच कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. आजोबांची सून घरीच केक करून विकते. बाहेर जाताना ती बजावून गेली, "फ्रिज उघडू नका हं भाऊ. तीन मजली केक आहे, उद्या सकाळी जायचाय. मीसुद्धा आता सकाळीच उघडणार."

आजोबांनी डोळे मिटले आणि सुरू केले. "एक. कुलूपवाला. बहिणीचं पत्र महिन्याला, पाकीट नेहमी ओलं. दोन. कुणी नाही, पण पत्रं येत." आवाज संथ, एकाही दारी अडखळले नाहीत. वीस झाली, पन्नास झाली. मी आकडेमोडीचा माणूस, बोटांवर मोजत होतो. श्वास घ्यायचीही भीती वाटत होती.

"त्र्याऐंशी. शिवणकामवाली. मुलाचं पत्र यायचं, ती उघडायची नाही. मला म्हणायची..."

"कट!" भाऊ म्हणाला.

कॅमेरा चालवणारी मुलगी दचकली. "सर! चालू देत ना!"

"फ्रिजची मोटर लागली. गुणगुण येतेय."

"येऊ दे की! ते कुठं पोचलेत बघा!"

आजोबांनी डोळे उघडले. "चुकलं का माझं?"

"नाही आजोबा. फ्रिज."

"फ्रिज?" ते गोंधळले. "या रस्त्यावर?"

सत्तावीस वर्षे त्याला दुसऱ्यांना थांबवण्याचेच पैसे मिळत आले. ते इतके अंगात मुरले होते की स्वतःचे काम आले तेव्हा त्याने तेही थांबवले. मला ते अजून झोंबते.

त्याने आत जाऊन फ्रिजचे बटण बंद केले. या ध्वनिमुद्रणवाल्या लोकांची एक रीत आहे. फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. त्या दिवशी किल्ली गॅरेजमध्ये होती, आणि फ्रिज उघडायलाही मनाई.

"चौऱ्याऐंशीपासून घ्या, आजोबा."

"असं मधूनच कसं घेऊ? गठ्ठा एकपासून लागतो."

ते एकपासून बोलू लागले. एकेचाळिसाला अडले. पुन्हा सुरू केले, एकोणिसाला अडले. मग पाणी मागितले आणि नुसतेच बसून राहिले. आम्ही यंत्रे गाडीत भरून निघालो. फ्रिज कुणालाच आठवला नाही, मलाही नाही.

सकाळी सुनेचा फोन आला. आम्ही गेलो तेव्हा केकचे तीन मजले एका परातीत वाहून गेले होते. तिने आम्हाला दारातच उभे केले.

"गिऱ्हाईक गेलं माझं. वर्षाला आठ ऑर्डरी देणारं."

"वहिनी, चूक माझी आहे," भाऊ म्हणाला. "भरपाई देतो. फक्त आजोबांबरोबर अजून एक दिवस..."

"दिवस?" ती हसली. "आज सकाळी सहाला चहा घेताना बाबांनी सगळं म्हटलं. एकपासून एकशे अठरापर्यंत. एकदाही अडले नाहीत. आणि फ्रिज बंद होता बरं का भाऊ, आवाज अगदी स्वच्छ."

भावाने दाराची चौकट धरली. "परत म्हणतील ते. मी आत्ता यंत्र लावतो."

"ते झोपलेत. आणि तुम्ही आत यायचं नाही. कालपासून एकच विचारतायत, माझं काय चुकलं म्हणून. त्यांना आता मी पुन्हा परीक्षेला बसवणार नाही."

पुढच्या महिनाभरात तो चारदा त्या दारी गेला. चारही वेळा दारातूनच परत आला. कॅमेरावाली मुलगी म्हणते, त्र्याऐंशी दारे गुणगुणीसकट वापरा, तोच माहितीपट आहे. तो ऐकत नाही. मीही समजावून पाहिले, पण अर्धा रस्ता कुणी बघत नाही, असे म्हणून त्याने डिस्क कपाटात ठेवली. आता तो त्रेचाळिसाव्या माहितीपटावर आहे, दुसऱ्याच्या.

केकचे ठरले होते अठराशे पन्नास. त्या सकाळी त्याच्या खिशात पंधराशे निघाले, ते तिने घेतले. माझ्याकडचे घ्यायला त्याने नकार दिला. नंतर चारही वेळा तो यंत्र घेऊन गेला, पैसे मात्र विसरला. सुनेचे तीनशे पन्नास रुपये अजून द्यायचे आहेत.