अक्काच्या हिरड्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही अक्काला ओळखत नव्हता, म्हणून असेल.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा शाळा सोडून तिनेच मला वाढवलं. पुढे तिचा नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. त्याच सुमारास मला हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि माझा ओंकार तर अजून तान्हा. "पाळणाघरात कशाला टाकतीस लेकराला? मी हाय की," म्हणत ती गावचं घर बंद करून आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये आली. तिच्या जिवावर मी रोज कंपनीची बस पकडायचे.

अक्का मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि गॅलरीत बसून बोटाने हिरड्यांवर घासायची. मी ब्रश आणून दिला, तर म्हणाली, "रगत येतं गं त्यानं." रक्त येतं — हे तिने स्वतः सांगितलं होतं. मी काय ऐकलं? बाई मिश्री सोडायला तयार नाही, एवढंच. तिच्या तोंडाला वास यायचा. ती बोलायला जवळ आली की मी मान वळवायचे. तिला ते कळलं असणार — पुढे पुढे ती तोंडावर पदर धरूनच बोलायची.

तिला डायबेटिस होता. गोळ्या चालू, पथ्य कडक, तरी साखर उतरेना. एक दाढ हलायला लागली म्हणून सिंहगड रोडवरच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर अक्का ओंकारला घेऊन बाहेर बसली आणि डॉक्टर मला म्हणाले, "हिरड्यांत खोलवर पू झालाय. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत असा संसर्ग असला की साखरही आवरत नाही. साफ करायला चार-पाच वेळा यावं लागेल. मिश्री पूर्ण बंद. आणि शुगरच्या डॉक्टरांच्याही हे कानावर घाला."

मला सगळं समजलं होतं. समजलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

बाहेर येऊन अक्काला काय सांगितलं? — "काही नाही गं, वयाचं आहे."

का? अमेरिकेतल्या क्लायंटचं काम अंगावर होतं, रजा मागायची छाती नव्हती. हे खरं — पण पुरतं नाही. एकदा मिश्री संपली, तेव्हा अक्का डोकं धरून पडून राहिली होती आणि मला घरी थांबावं लागलं होतं. मला ती पडलेली नको होती. उभी हवी होती — ओट्यापाशी. एवढं काम संपू दे, मग नेऊ, असं म्हणत राहिले. एक काम संपलं की दुसरं यायचं.

आणि एवढंच असतं तर —

साखर चढतच गेली. शुगरच्या डॉक्टरांनी विचारलं, "गोड खातात का?" तेव्हा सांगता आलं असतं. पण मग ते विचारणार — इतके दिवस हिरड्यांचा इलाज का नाही केला? मी म्हणाले, "लपून खात असेल. डब्यातले लाडू कमी होतात."

अक्का शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रिक्षात हळूच म्हणाली, "सुमे, मी काय खाल्लं नाय गं."

त्यानंतर घरात तेच. रिपोर्ट वाईट आला की मी तिच्यावर ओरडायचे, नवऱ्यादेखत. सारखं बोलून मलाच ते खरं वाटायला लागलं — असं म्हणू? नाही. एकदाही वाटलं नाही. मी डबे कुलपात ठेवले. ओंकार तेव्हा शाळेत जायला लागला होता. त्याला मी पहारा शिकवला. "मावशी, तोंड उघड," म्हणायचा तो. आणि ती उघडायची. सुजलेल्या, काळ्या पडलेल्या हिरड्या, हलणारे दात — सगळं समोर दिसायचं. मीही तिथेच असायचे.

मग पायाला जखम झाली, चिघळली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. हिरड्यांचा इलाज झाला असता तर पाय वाचला असता का? माहीत नाही. मी कुठल्याच डॉक्टरांना ते विचारलेलं नाही.

हॉस्पिटलमध्ये एका दुपारी ती मला म्हणाली, "सुमे, खरंच सांगते, त्या डब्याला हात नव्हता लावला मी." मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "जाऊ दे अक्का. मी कधीच विसरले ते."

मी तिला माफ केलं. ऐकलंत ना? मी — तिला. तिने मान हलवली, डोळे पुसले आणि माझा हात घट्ट धरला.

ओंकार आता नोकरीला लागलाय. परवा होणारी सून जेवायला आली होती. तो तिला सांगत होता — आमची मावशी फार जीव लावायची, पण गोडाचा मोह तिला काही आवरला नाही, त्यातच गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हो ना गं आई?"

मी पोळ्या वाढत होते. म्हणाले, "हो."