यशोदाबाईच्या पायांवरची पोरं

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या आमच्या गल्लीत नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणारं घर असलं की त्यांचं लेकरू यशोदाबाईच्या ओसरीत. पाळणाघर वगैरे नाव तिनं कधी दिलं नाही. सालेकसाकडच्या खेड्यातली बाई. नवरा गेल्यावर मुलाबरोबर, भूपेंद्रबरोबर, इथं आली आणि पोरं सांभाळायला लागली. माझ्या दोन्ही मुली तिच्या पायांवर न्हाल्यात, म्हणून तिच्याबद्दल बोलताना माझी जीभ आवरत नाही. ज्याला खटकेल त्यानं पुढं वाचू नये.

न्हाऊ घालण्याची तिची रीत गावाकडचीच. पाटावर पाय लांब करून बसायचं, लेकरू पायांवर घ्यायचं, तेल चोळायचं आणि शेवटी दोन्ही पाय धरून त्याला उलटं झुलवायचं. तिकडे म्हणतात, यानं छाती मोकळी होते नि भीती मरते. डॉक्टर नको म्हणतात. तो वाद त्यांचा. आमची पोरं खदाखदा हसायची, एवढं मी पाहिलंय.

मग गल्लीच्या तोंडाशी प्ले-स्कूल निघालं. भिंतीवर हत्ती-जिराफ, आत कॅमेरे, आईनं ऑफिसात बसून मोबाइलवर लेकरू पाहायचं. तरी बाया बिचकत होत्या. मालक कैलाशशेठ पक्का धूर्त. त्यानं यशोदाबाईलाच मावशी म्हणून ठेवलं आणि तिच्यामागं सगळी ओसरी तिकडं गेली. ती खुशीत होती, कारण सून पुष्पांजलीला दिवस गेले होते. "लोकाइचे लय न्हाऊ घातले," मला म्हणायची, "आता माह्या घरचं येऊन राहिलं. त्याले मी कोनाच्या हातात देत नाई."

एका दुपारी गुंजन नावाची वर्षाच्या आतली पोर पोट फुगून रडत होती. यशोदाबाईनं पाय पसरले, पोट चोळलं, पोरगी शांत झाली, आणि हिनं सवयीनं तिला उलटं धरून झुलवलं. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. गुंजनची आई बँकेत. तिला दिसलं ते इतकंच, की आया पोरीला पाय धरून हवेत हलवते आहे. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गोंदियाभर फिरला. कोणी त्यावर लाल गोल काढला, कोणी रडकं संगीत घातलं.

आणि पुढं ढकलणारे कोण? ज्यांची पोरं तिच्या हातात बाळसं धरून गेली तीच मंडळी. एकीनं तर लिहिलं, "मुझे पहले से शक था." शक होता तर पोर तिच्याकडं ठेवलीस काऊन, असं मी विचारलं, तर मलाच ग्रुपातून काढलं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे नुसते!

दुसऱ्या दिवशी कैलाशशेठनं तिला सगळ्या पालकांसमोर उभं केलं. "हमारा नाम मिट्टी में मिला दिया, बाई."

"अवो शेठ, पोट फुगलं होतं तिचं. हासत होती पोरगी. इचारा तिले."

लोक हसले. गुंजन आईच्या कडेवरून यशोदाबाईकडं झेपावत होती. आईनं तिचे हात दाबून धरले आणि तोंड दुसरीकडं वळवलं.

काम गेलं, पण ती रडली नाही. "जाऊ दे व," मला म्हणाली, "आता घरचंच येते."

नातू झाला. दवाखान्यातून आणला, आणि नाळ पडली त्या दिवशी यशोदाबाईनं पाणी तापवलं, मोरीत पाट टाकला, लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय लांब केले. मी बाळ पाहायला म्हणून गेले होते, दारातच उभी होते. तिनं हाक मारली, "आन व पुष्पांजली, लेकराले."

आतून कोणी आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग भूपेंद्र आला, रिकाम्या हातांनी.

"माय, उठ तू. नर्स येऊन राहिली न्हाऊ घालाले."

"काऊन रे? साऱ्या गल्लीचे पोट्टे मीच न्हाऊ घातले ना?"

भूपेंद्रनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"ते लोकाइचे होते, माय. हा आपला आहे."