ताईचा वेग

लिफ्टचं बटन एकदा दाबलं काय नि दहादा दाबलं काय, ती आपल्याच वेळेला येते, हे मला कळतं. मी इंजिनियर आहे, आयुष्यभर पुलांचे नकाशे तपासले आहेत. तरी मी दहादा दाबतो. सिग्नलवर लाल आकडे उलटे येऊ लागले की चारवरच माझा हॉर्न वाजतो. चहा उभ्याउभ्या पितो आणि जीभ भाजून घेतो. बायको म्हणते, लग्नात तुम्ही मंगलाष्टकं संपायच्या आत हार घातला. हे साफ खोटं आहे. शेवटचं कडवं सुरू झालं होतं.

अशा माणसाच्या नशिबी ताईचे व्हॉइस मेसेज आले. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, पारशिवनीला राहते, भाऊजी गेल्यापासून एकटीच. तिला मोबाइलवर टाइप करणं जमत नाही, म्हणून ती बोलून पाठवते, आणि तिचा मेसेज सहा-सात मिनिटांच्या खाली कधी नसतो. सांगायचं असतं एवढंच की गॅसचं सिलिंडर आलं. पण त्याआधी सिलिंडरवाल्याच्या गाडीचा टायर, टायर पंक्चर करणारी बाभूळ, ती बाभूळ ज्यांच्या वावरात आहे ते घर, त्या घरची सून आणि सुनेचं काटोलचं माहेर, हे सगळं रीतसर यावं लागतं. काटोलहून सिलिंडरपर्यंत परत यायला आणखी दोन मिनिटं.

एक दिवस ऑफिसातल्या एका बाईंनी मला मेसेज दुप्पट वेगानं ऐकायचं बटन दाखवलं. मला स्वर्ग दोन बोटं उरला. सात मिनिटांची ताई साडेतीन मिनिटांत आटपायला लागली. ऐकायचं, अंगठा पाठवायचा, मोकळं व्हायचं. दोन-चार महिन्यांत मी ते बटन दाबलं आहे हेही विसरून गेलो. तो तुरुतुरु आवाज हाच ताईचा आवाज, असं माझ्या कानांनी ठरवून टाकलं. ऑफिसात मी कौतुकानं सांगायचो, साठी उलटली पण आमच्या ताईचं बोलणं ऐका, लाह्या फुटाव्यात तसं.

पारशिवनी आम्ही राहतो त्या बेसापासून काही लांब नाही, दीडेक तासाचा रस्ता. पण मेसेज येतातच, मग जायची काय गरज, असं म्हणत दीड वर्ष गेलं. फोन करणं तर केव्हाच सुटलं होतं.

मागच्या हिवाळ्यात ताईच्या घरी नवी फरशी टाकायचं काम निघालं, म्हणून ती आठ दिवस आमच्या फ्लॅटवर राहायला आली. मी ऑफिसातून आलो. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे पाहून वाक्य सुरू केलं. क्रियापद येईपर्यंत माझी दोन बिस्किटं खाऊन झाली होती.

आमच्या मोठ्या काकांना लकवा झाला, तेव्हा त्यांची जीभ आधी अशीच जड झाली होती. मी स्वयंपाकघरात बायकोला गाठलं.

"ताईले काहीतरी झालं आहे. बोलणं पाहिलं का तिचं?"

"मले तं नेहमीसारख्याच वाटून राहिल्या," ती पोळी लाटत म्हणाली. "मी दर आठवड्याले बोलतो ना त्यांच्याशी फोनवर."

"तुले समजत नाही. लकव्याची सुरुवात अशीच असते. आता तिले एकटीले ठेवणं बरोबर नाही. पारशिवनीचं घर बंद करू. इथंच राहीन ताई."

बायकोला आणखी काही बोलायचं होतं, पण तिचं बोलणं संपेपर्यंत थांबायची माझी पद्धत नाही. मी तिथूनच ओळखीच्या माणसाला फोन लावून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. हल्लीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये भिंत नसते, हे त्या घाईत माझ्या ध्यानात आलं नाही. ताईची जीभ कशीही असो, कान तिखट आहेत.

दुसऱ्या दिवसापासून ताई भरभर बोलायला लागली. म्हणजे तसा प्रयत्न करायला लागली. "भाजीतमीठकमीझालंकागा" एवढं एका दमात टाकून ती धापा टाकायची आणि परीक्षेला बसल्यासारखी माझ्या तोंडाकडे पाहायची. अर्धे शब्द गिळायची. वांग्याला एकदा कांदा म्हणाली. काटोल, बाभूळ, सुना, सगळं बंद झालं. मी बायकोला म्हणालो, "पाहिलं? आता शब्दही तुटायले लागले." बायकोनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, तिलाही आता काळजी वाटायला लागली.

धंतोलीच्या त्या दवाखान्यात आम्हाला दोन तास थांबावं लागलं. त्यात मी पाच वेळा काउंटरवर जाऊन आलो. पाचव्या वेळेला तिथल्या मुलीनं मी तोंड उघडायच्या आत "काका, बसा" म्हटलं. तोवर ताईनं शेजारी बसलेल्या भंडाऱ्याच्या बाईंची तीन पिढ्यांची माहिती काढून ठेवली होती. नंबर जवळ आला तशी ती गप्प झाली आणि पर्सची चेन उघडझाप करायला लागली.

"बाबू," ती म्हणाली, "डॉक्टरनं काही सांगितलं तं घर लगेच बंद करा लागन का?"

"आधी पाहू तं दे त्याले."

"नाही, फरशी आत्ताच टाकून राहिली ना मी. पिवळी. तुह्या भाऊजीले पिवळीच पाहिजे होती."

मला तिचा रागच आला. इथं जिवावर बेतलं आहे आणि हिला फरशीचं पडलं आहे.

डॉक्टरांनी तिला हसायला लावलं, हात वर करायला लावले, एका रेषेत चालायला लावलं. मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. पासष्टला ते "बास" म्हणाले. पण हाती घेतलेलं काम अर्ध्यावर सोडणं ताईच्या स्वभावात नाही. ती तिच्या चालीनं पार दोनपर्यंत गेली. डॉक्टर पेन हातात धरून ऐकत राहिले. एकही आकडा चुकला नाही.

"मला तर काही दिसत नाही," ते मला म्हणाले. "तुम्हाला नेमका काय फरक वाटतो?"

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. "हा ऐका," म्हणत खिशातून मोबाइल काढला आणि ताईचा पंधरा दिवसांपूर्वीचा मेसेज लावला. खोलीत तुरुतुरु आवाज सुरू झाला. "पाहा, पंधरा दिवसांआधी ही अशी बोलत होती. आणि आता?"

डॉक्टरांनी थोडं ऐकलं, माझ्या हातातला मोबाइल जवळ ओढला आणि अंगठ्यानं कुठंतरी दाबलं. आवाज खाली उतरला, पसरला, आणि समोरच्या खुर्चीत बसलेली ताई जशीच्या तशी त्या मोबाइलमधून बोलू लागली. सिमेंटवाल्याचं गाव कोणतं, ते सांगत होती.

"साहेब, हे दुपटीवर होतं," डॉक्टर म्हणाले. "यांना काही झालेलं नाही. तुम्हाला मात्र झोप नीट लागते का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ताईनं पर्सची चेन शेवटची लावली आणि उठली.

खाली पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "दुपटीवर म्हणजे काय गा?"

मी समजावून सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, निदान बाजू मांडता आली असती.

"म्हणजे मी सात मिनिटं बोलली तं तू साडेतीनच ऐकलं?"

"ऐकलं सगळंच, ताई. लवकर ऐकलं."

तिनं त्यावर बराच विचार केला. "तो सायकलीचा मेसेज बी तसाच ऐकला का?"

मला आठवला. पावसाळ्यात आला होता. भाऊजींची सायकल तिनं कोणाला तरी देऊन टाकली होती आणि ते सांगता सांगता तिला हसू आवरत नव्हतं. मलाही मजा वाटली होती. त्या दिवशी नुसता अंगठा न पाठवता मी हसून लोळणारी तीन तोंडं पाठवली होती.

"हो," मी म्हणालो. "तू किती हसत होती त्यात."

"हसत नव्हती मी."

बाहेर एक गाडीवाला आमची जागा रिकामी व्हायची वाट पाहत हॉर्न वाजवत होता. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

"मले वाटलं," ताई समोरच्या काचेकडे पाहत म्हणाली, "बाबू हसून राहिला, म्हणजे माह्यं मन हलकं करून राहिला. मंग मी बी डोळे पुसले अन् चहा मांडला."

मी मोबाइल काढला आणि तो मेसेज शोधायला लागलो. निदान आता तरी नीट ऐकावा. तिनं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

"त्याच्यात काय ऐकतं? मी इथंच आहो ना. ऐक."

आणि तिनं सांगायला घेतलं. सायकल कुठल्या दुकानातून घेतली तिथपासून, दुकानदाराच्या भावासकट. हॉर्न वाजवणारा कंटाळून निघून गेला. मधे दोनदा माझ्या तोंडून सवयीनं "मग?" निघालं. दोन्ही वेळेला ताई थांबली, आणि तिनं पुन्हा दुकानापासून सुरू केलं.