मागे राहिलेली मेख

धाकटी बहीण ठकू हिस,

हे पत्र तुला पंतोजी वाचून दाखवणार, म्हणून सरळच लिहिते.

आपला धनगरांचा वाडा मेंढरं घेऊन कल्याणहून घाटाकडे निघाला, त्या सकाळी तू घोडीवर कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बसून रडत होतीस. आबा मात्र मेंढरांच्या जाळीच्या मेखा तपासत होते. “मेख मागं ऱ्हायली की जीव मागं ऱ्हातो,” हे त्यांचं नेहमीचं. मी, त्यांची लेक, नवऱ्याकडे मागे राहत होते, त्यावर चकार शब्द नाही. जावयाला, म्हणजे रेल्वेत रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याला, तेवढं म्हणाले, “मेंढरं सोडून लोखंडाची राखण करतोस व्हय!”

मग माझ्या सहा शेळ्यांकडे वळले. तुर्कांच्या मुलखातल्या, पांढऱ्या, गुडघ्यापर्यंत कुरळे केस. रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावरच्या मडमेने मला त्यांच्या केसांचं विणकाम शिकवलं आणि विलायतेला जाताना शेळ्याही दिल्या. “ही बाहुल्यांची जात,” आबा हसले. “कोकणच्या पावसात एक जरी जगली तर मिशी उतरवीन.”

ते मला लागलं. शेळ्या मेल्या असत्या, तर पुढच्या हंगामात मी त्यांना तोंड दाखवलं नसतं.

आणि चूक मीच केली. आपण मृगाआधी मेंढरं कातरतो, म्हणून यांनाही कातरलं. उघड्या अंगाच्या दोघी झडीत गारठून मेल्या. गोठ्यात चिखल. शेजारची बायजाकाकू मिठागरावर जाणारी. ती आत डोकावली आणि ओरडली, “अगो, मीठ कदी जमनीवर ठेवतान का? मंग शेल्या कशाला ठेवतंस?” तिनेच बांबूचा उंच माळा बांधला, मिठाच्या राशीवर घालतात तशा वर झावळ्या घातल्या. मी लग्नात आबांनी दिलेलं घोंगडं फाडून उरलेल्या चौघींना अंगरखे शिवले. चौघी जगल्या.

दिवाळीनंतर आबा आले. शेळीच्या पाठीवर आपलं घोंगडं त्यांनी ओळखलं आणि काठ चाचपला. मिशीची आठवण मी काढली नाही.

शिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेत मी कानटोप्या आणि मोजे मांडले. “या उकाड्यात लोकर?” म्हणून लोक हसून पुढे जायचे. तेव्हा आबा उठले आणि मेंढरं हाकावीत तसे ओरडले, “हात लावून तर बघा! माझ्या लेकीच्या शेळ्यांची हाय!” बाळंतिणी थांबल्या, दम्याचे म्हातारे थांबले, घाटात गाडी नेणारा एक ड्रायव्हरही थांबला. संध्याकाळी टोपली रिकामी.

उन्हाळा सरताना वाडा पुन्हा निघाला. माझ्या अंगणात जाळीची एक मेख तशीच रोवलेली होती. मी म्हटलं, “आबा, मेख ऱ्हायली.” ते घोडीचा पट्टा आवळत म्हणाले, “ऱ्हायली न्हाई. ठेवलीया.”

आता त्यांना घाट उतरवत नाही आणि तू पंतोजींकडून लिहून पाठवतेस, “घरी ये.” येते, दसऱ्याला येते. त्यांच्यासाठी कानटोपी विणून झाली आहे. पण चार दिवसांनी परत निघेन, तेव्हा रडू नकोस. त्यांना सांग, मेख हललेली नाही. म्हातारी शेळी तिलाच बांधते.