नेकचलनीचा दाखला

रायभान धनगराचा पोरगा होता आणि अमेरिकेला शिकायला जायचं म्हणत होता. गंगाखेडच्या बाजारात लोक त्याच्याकडे बोट दाखवून हसत. हसणाऱ्यांना तो सरळ म्हणायचा, "हसा. मी अर्ज तर करनारच हाय."

गोदावरीकाठच्या धारवाडीत त्याच्या बापाची, मुंजाजीची, दीडशे मेंढरं होती. रायभान उर्दूतून मॅट्रिक झाला आणि हैदराबादला कॉलेजात गेला. अडतीस साली वसतिगृहात देशगीताच्या प्रार्थनेवर बंदी आली. पोरांनी ती मोडली, त्यात हा सगळ्यांत पुढं. कॉलेजनं सगळ्यांना काढलं; ज्यांनी माफी मागितली त्यांना परत घेतलं. ह्यानं ट्रंक उचलली, नागपूर गाठलं आणि तिथून बी.एस्सी. होऊनच घरी आला. असल्या पोराला निजामाच्या राज्यात नोकरी कोण देणार? मग तो बापासंगं मेंढरांमागं हिंडू लागला.

तेव्हा मेंढरांना एक रोग लागायचा. पावसाळा सरला की जनावर खंगायचं, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची आणि चार दिवसांत ते आडवं व्हायचं. लोक म्हणत, देवीचा कोप. रायभाननं मेलेलं मेंढरू फाडून बघितलं, तर काळजात, म्हणजे यकृतात, चपटे, पानासारखे किडे. त्यानं चार वर्षं आसपासच्या वाड्यांवर टिपणं ठेवली. जो कळप नदीच्या दलदलीत चरला तो मेला, माळावरचा वाचला. रोगाचं मूळ त्या पाणथळीत होतं, पण तिथं नेमकं काय, हे सांगणारं जवळपास कुणी नव्हतं.

सेहेचाळीस साली नागपूरच्या प्राध्यापकांनी त्याला अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाचा पत्ता दिला. "जनावरांच्या रोगांवर तिथं मोठं काम चालतं," ते म्हणाले, "पण हजारांत एखाद्याला घेतात, रायभान."

"तो एक कोन ते त्यांनाच ठरवू द्या, सर. आपनच आधी न्हाई कशाला म्हनायचं?"

अर्जाचे कागद दोन महिन्यांनी आले. गुणपत्रिका मिळाली, प्राध्यापकांची शिफारस मिळाली. 'इथं का यायचं आहे' यावर दोन पानं लिहायची होती. त्यात त्यानं दलदलीची सगळी हकीकत मांडली. अडलं ते शेवटच्या कागदापाशी. अर्जदाराला ओळखणाऱ्या जबाबदार माणसाचा चालचलणुकीचा दाखला हवा होता. आमच्याकडे त्याला नेकचलनीचा दाखला म्हणत, आणि तो अंमलदाराच्या सहीशिवाय खरा मानत नसत.

रायभान तालुक्याच्या कचेरीत गेला. अंमलदारसाहेबांनी दप्तर मागवलं, वसतिगृहातल्या बंदीभंगाचा जुना कागद वाचला आणि चष्मा काढला.

"माफीनामा लिहून दे. दोनच ओळी. मग सही करतो."

"माफी कशाची, साहेब?"

"ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय म्हनूनच इचारतो. प्रार्थना केली, त्याची का?"

"अमेरिका बघायची आहे की नाही?"

"बघायची हाय. पन वाकून न्हाई."

शिपायानं दार दाखवलं. रायभान दहा कोस चालत घरी आला, ते दातओठ खातच.

मुंजाजीनं सगळं ऐकून घेतलं. म्हातारा लोकर कातत बसला होता, चाती न थांबवता म्हणाला, "त्या साहेबानं तुला किती येळा बघितलं?"

"आजच."

"मग तुझी चाल त्याला काय म्हाईत? ज्यांच्या दारात चार वर्सं हिंडलास त्यांना इचार की."

 दुसऱ्याच दिवशी रायभाननं वाड्यावाड्यांवर निरोप धाडले. एकोणीस मेंढपाळ पारावर जमले. ते बोलायचे, रायभान शब्दाला शब्द इंग्रजीत उतरवायचा. कुणी सांगितलं, माझा कळप ह्यानं माळावर न्यायला लावला, तो जगला. कुणी सांगितलं, हा फुकटची लोणकढी थाप मारत न्हाई. शेवटी कडूबाई उठली. ती एकटीच बाई माणूस, नवऱ्यामागं कळप सांभाळणारी.

"माझंबी लिव. ह्यानं किड्यांवर औषध म्हून मेंढरांना मोरचूद पाजलं आन् माझ्या तीन मेंढ्या मेल्या."

पारावर गलका झाला. "ए बये, पोराचं वाटोळं करायलीस का?"

"खरं हाय ते," रायभान म्हणाला, आणि त्यानं तेही लिहिलं. खाली एकोणीस अंगठे उठले. अंमलदाराच्या सहीच्या जागी त्यानं लिहिलं, 'माफी मागितल्याशिवाय सही मिळत नाही, आणि माफी मी मागणार नाही.'

सहा महिन्यांनी उत्तर आलं. त्यात अंमलदाराबद्दल चकार शब्द नव्हता. तिथल्या एका प्राध्यापकांनी एवढंच विचारलं होतं: कडूबाईच्या मेंढ्यांना मोरचूद किती दिलं होतं, आणि त्या का मेल्या असाव्यात? रायभाननं मात्रा कळवली आणि लिहिलं, 'का मेल्या ते मला ठाऊक नाही. तेच शिकायला यायचं आहे.'

सत्तेचाळीसच्या जूनमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. फी माफ होती आणि प्रयोगशाळेत कामही मिळणार होतं. भिवराबाईनं, त्याच्या आईनं, ते पत्र देव्हाऱ्यात ठेवलं. पण पासपोर्टाचा कागद पुन्हा त्याच अंमलदाराच्या टेबलावर गेला, आणि पुन्हा तेच झालं. रायभान पुन्हा "न्हाई" म्हणून बाहेर आला.

त्या साली रझाकारांनी वाड्या उठवल्या. मुंजाजीचं घर कळप घेऊन सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात गेलं. तिथं निर्वासितांच्या छावणीत एकानं तोड सुचवली: नागपूरचा पत्ता टाक, आठ दिवसांत पासपोर्ट हातात.

"माझं गाव धारवाडी हाय," रायभान म्हणाला. "गाव लपवून मी कुठंच जानार न्हाई."

प्रवेशाची तारीख टळली. त्यानं विद्यापीठाला खरं कारण कळवलं आणि वर्षभर छावणीतल्या पोरांना गणित शिकवलं. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौजा आल्या, निजामाची सत्ता गेली. महिन्याभरात त्यानं पासपोर्टासाठी नवा अर्ज धाडला. विद्यापीठानं जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती.

डिसेंबरात गंगाखेडच्या स्टेशनावर मुंजाजी त्याला पोचवायला आला. पासपोर्ट हातात घेऊन त्यानं उलटापालटा केला. वाचता येत नव्हतं.

"ह्यात आपलं गाव कुठं लिवलंय?"

रायभाननं बापाचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं. गाडी आली तरी म्हाताऱ्यानं बोट काढलं नाही.