आत्याची आडवी परीक्षा

कर्जत तालुक्यात माझ्या आत्यानं ज्याच्या कानात डोकावून बघितलं नाही असा माणूस उरलाच असेल, तर तो गेलं वर्षभर घराबाहेर पडलेला नसावा. खालापूर तालुक्याचंही निम्मं काम तिनं उरकत आणलं होतं. आणि या दोन्ही तालुक्यांत, जिथं जिथं ती लोकांच्या कानांकडे बोट दाखवून उभी राहिली, तिथं तिथं तिच्या मागं दोन पावलांवर मान खाली घालून मी उभी होते. माझ्या पर्समध्ये स्पिरिटचा बोळा असायचा आणि तोंडात 'माफ करा हं' तयार असायचं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. दहिवलीच्या शाळेत शिपाईण होती. घंटा बिघडली तर हिला व्हरांड्यात उभं करून ओरडायला सांगत असत. निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झाला नाही. वस्तू पारखून घेण्याचं वेड मात्र तिला पहिल्यापासूनचं. दुकानदाराच्या शब्दावर तिनं आयुष्यात काही विकत घेतलेलं नाही. छत्री घ्यायची तर ती दुकानातल्या टेबलफॅनसमोर उघडून धरायची आणि "अजून जोरात लाव रं, पाऊस असा गुमान येतो व्हय?" असं म्हणायचं. प्लास्टिकची खुर्ची घेताना ती स्वतः बसली नाही. शेजारच्या हॉटेलातल्या सर्वांत जाड माणसाला हाताला धरून आणून बसवलं, मग त्यालाच विचारलं, "तुमाला किती वर्सं झाली असं वजन हाय?" त्या बिचाऱ्यानं उत्तरही दिलं. माझा स्वभाव याच्या अगदी उलट. काय हवं ते कागदावर लिहायचं, दुकानात जायचं, कागदाप्रमाणे घ्यायचं, घरी यायचं. आत्याबरोबर बाजारात गेलं की माझा कागद पर्समध्येच राहतो आणि मी खांबामागे.

इअरबड्सचं प्रकरण सुरू झालं ते सुनेमुळे. आत्या भिसेगावात राहते, मुलगा आणि सून यांच्यासोबत, दोन खोल्यांत. मुलगा साजगावच्या कारखान्यात, सकाळी लवकर बाहेर पडतो. सून खोपोलीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिची कायमची रात्रपाळी, म्हणजे झोप दिवसाची. आणि आत्याला नाद मोबाइलवर खुनाच्या गोष्टी ऐकण्याचा. त्याही अशा आवाजात, की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला खुनी कोण ते तिच्या आधी कळायचं. सून गरीब स्वभावाची. ती कधी एका शब्दानं बोलली नाही. एके दिवशी भाकरी खाता खाता शांतपणे म्हणाली, "आई, आम्ही दोघं खोपोलीला खोली बघतोय. दवाखान्याजवळ. झोप नीट होत नाही."

आत्या त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली. चहाला हात लावला नाही. "खोली बगते म्हनाली गं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडनाऱ्या बायका कुठं जात नायत. ही गप बसनारी हाय. ही जाईल."

मला अशा वेळी हळहळायला जमत नाही, मी उपाय शोधते. मी म्हटलं, आत्या, सोपं आहे. तू इअरबड्स घे. तुझ्या गोष्टी तुझ्या कानात, तिची झोप तिच्या डोळ्यांत. तिथल्या तिथं मी कागदावर मुद्दे काढले: कानात घट्ट बसले पाहिजेत, पण टोचता कामा नयेत, आवाज स्वच्छ हवा, चार्जिंग दिवसभर पुरलं पाहिजे. आत्यानं मन लावून ऐकलं, कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "ती कानातली बोंडं आडवं पडून घालता येतात?"

मी म्हटलं, येत असतील. या एका प्रश्नाशी मी तेव्हा थांबायला हवं होतं. पण मी पुढच्या कामाला लागले होते.

बाजारपेठेतल्या मोबाइलवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मावशी, सील तोडलं की वस्तू परत घेता येत नाही. कानात घालून बघता येणार नाही." दुसरं कुणी असतं तर डोळे मिटून एखादी जोडी घेऊन मोकळं झालं असतं. आत्या म्हणाली, "तुझी नसंल दाखवायची तर नको दाखवू. लोकांच्या कानांत हायत की." आणि तिथून लोकांचे कान हेच तिचं दुकान झालं.

खोपोलीला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात समोर कॉलेजची एक मुलगी कानात इअरबड्स घालून बसली होती. आत्यानं तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली. मुलीनं एक बड काढून "काय आजी?" असं विचारेपर्यंत तो आत्याच्या कानात गेलासुद्धा. "दुसरं पन दे गं. एकानं काय कळतंय?" मुलीनं निमूट दिलं. "बासरी हाय का यात?" मुलीनं शोधून बासरी लावली. मग आत्या माझ्या खांद्यावर कान दाबून डोळे मिटून आडवी झाली. पळसदरीपर्यंत ती तशीच. शेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं, "दवाखान्यात नेताय का?" मी रिक्षाबाहेरच्या डोंगराकडे इतकं एकटक बघत होते की तो माझ्या नावावर असावा. शेवटी आत्या उठून म्हणाली, "आवाज गोड हाय, पन हिला बाहेर दांडी हाय. आडवं पडलं की टोचती. पोरी, तू झोपताना घालू नकोस हां." मी बोळ्यानं पुसून ते परत दिले. मुलगी हसत होती. तिला हसायला काय जातं? तिला रोज आत्याबरोबर जायचं नव्हतं.

पण रिक्षातली लाज काहीच नाही अशी लाज पुढं खालापूरला वाटायची होती. लांबच्या नात्यातले एक काका वारले, त्यांच्या जलदान विधीला आम्ही गेलो होतो. वंदना झाली, विधी झाला, लोक आठवणी सांगायला उभे राहू लागले. आत्या भिंतीकडेला सतरंजीवर बसली होती. तिच्या शेजारी काकांचा जावई, त्याच्या शर्टाच्या खिशातून इअरबड्सची डबी डोकावत होती. मी नजरेनं 'नको' म्हटलं. आत्यानं नजरेनं 'जरा थांब' म्हटलं. जावयाच्या कानाशी ती काहीतरी पुटपुटली आणि पुढच्या क्षणी कुशीवर कलंडली. एक बाई किंचाळली, "अगं बाई, चक्कर आली!" कुणी पंखा आणला, कुणी तिच्या तोंडावर पाणी मारलं, माइकवर बोलणारे गृहस्थ थांबले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "दादांवर हिचा फार जीव होता." आत्यानं डोळे न उघडता एक बोट वर केलं. "थांबा जरा. बासरीच्या मागं खरखर येतीय."

मी मांडवाबाहेर जाऊन पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. जावई सभ्य माणूस. नंतर मला शोधत येऊन म्हणाला, "त्यांना सांगा, खरखर माझ्या मोबाइलची आहे. बड चांगले आहेत." मला टाकीत उडी मारावीशी वाटली.

असे महिने गेले. सुनेची खोली बघणं चालूच होतं. एक लांब पडली, एकीला पाणी नव्हतं. प्रत्येक वेळी आत्या मला फोन करून कळवायची आणि लगेच नवीन कानांचा पत्ता द्यायची. एकदा तर तिनं शेजारच्या मिरची कुटायच्या डंकाचा आवाज मोबाइलवर भरून घेतला. तिच्या घराच्या भिंतीला भिंत लागून हा डंक आहे. दुपारभर त्याची धाड धाड चाललेली असते, ताटलीतले पोहेसुद्धा जागेवर राहत नाहीत. तो आवाज घेऊन ती पुन्हा त्या मोबाइलवाल्याकडे गेली. तो एव्हाना तिला कंटाळून, किंवा तिच्या प्रेमात पडून, स्वतःच्या वापरातली एक बुटकी, बिनदांडीची जोडी द्यायला तयार झाला होता. रबराच्या तीन मापांच्या टोप्याही त्यानं समोर मांडल्या. आत्यानं त्या घातल्या, गिऱ्हाइकांना उठवून बाकड्यावर आडवी झाली आणि मला हुकूम सोडला, "डंक लाव. कानापाशी धर. अजून मोठा कर गं, लाजतीस काय?"

भर संध्याकाळची बाजारपेठ. मी, हातात मोबाइल, त्यातून मिरच्या कुटल्यासारखी धाड धाड, आणि बाकड्यावर कूस बदलणारी माझी सख्खी आत्या. माणसं जमली. माझ्या ओळखीचे निम्मे कर्जतकर त्यात होते. कुणीतरी विचारलं, "काय ताई, मसाला का?" तिथं माझा तोल गेला. मी मोबाइल बंद केला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "पुरे झालं, आत्या! मला लाज वाटते तुझ्याबरोबर यायची."

आत्या उठून बसली. पदर सारखा केला. कानातले काढून त्या दुकानदाराच्या हातावर ठेवले. मग इतक्या वर्षांत प्रथमच हळू आवाजात म्हणाली, "वाटू दे. तू घरी जा बाय. तुजं घर काय मोडत नाय."

मी घरी गेले नाही. उल्हास नदीच्या पुलापर्यंत तिच्या मागे मागे चालत राहिले. पुलावर ती दम खायला थांबली, तेव्हा मला काहीतरी बोलायचं होतं आणि सुचला तो फक्त माझा नेहमीचा मुद्देसूद प्रश्न. "तू गोष्टी ऐकतेस बसून. मग सगळं आडवं पडून कशाला बघतेस?"

"गोष्टी? त्या मी ती खोलीचं बोलली त्याच दिवशी बंद केल्या."

"मग ही बोंडं?"

"तिच्यासाठी हायत." आत्या नदीकडे बघत होती. "ती झोपताना कानात घालती. आधी माज्या गोष्टी ऐकू येऊ नयेत म्हनून घालायची. आता त्या डंकापायी. बासरी लावती, बारीक. तिच्याकडं दांडीवाली हायत. एका कुशीवर झोपती, तो कान आतून लाल झालाय. परवा कापूस घालून कामावर गेली."

"तिनं सांगितलं तुला?"

"ती कशाला सांगतीय? उशीवर कापूस पडला होता."

माझं डोकं कामाचं, ते लगेच हिशेबाला लागलं. "अगं पण आत्या, तू सगळी बोंडं तुझ्या कानात घालून बघितलीस!"

"मग?"

"तिचा कान वेगळा, तुझा कान वेगळा. तुझ्या कानात वांगं मावेल. तिचा कान केवढासा!"

आत्यानं आपला कान चाचपला. आधी एक, मग दुसरा. दोन तालुके तिच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत. "आता तिचा कान मी कुठून आनू गं?" ती म्हणाली.

"तिलाच घेऊन जा दुकानात."

"छे! तिला कसं म्हनू? माज्यामुळं तुझा कान दुखतोय, चल, असं? लाज वाटती गं मला."

परक्या पोरीच्या कानातली वस्तू काढून घेणारी, विधीच्या सतरंजीवर आडवी होणारी माझी आत्या आपल्या सुनेला 'चल' म्हणायला लाजत होती. मला हसू आलं आणि ते गालातल्या गालात अर्ध्यावरच विरलं. इतके दिवस मी जिला लाज नाही म्हणून लाजत होते, तिच्याकडे लाज होती. ती फक्त माझ्यासारखी चारचौघांसाठी नव्हती. मी पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहिले, आणि त्या वेळी मला ओळखीचं कुणी भेटू नये असं वाटलं ते आत्यामुळे नव्हे.

पुढच्या रविवारी आत्यानं सुनेच्या डोक्याला तेल लावून दिलं. लग्न होऊन आल्यापासून हे कधी घडलं नव्हतं. सून घाबरून गेली. तेल लावता लावता आत्या तिच्या कानाशी कधी तर्जनी, कधी करंगळी नेऊन माप घेत होती. कुरडया घालताना बघावं तशी टक लावून. मग एकटीच बाजारात जाऊन तसलीच बिनदांडीची नवी जोडी सर्वांत छोट्या टोप्यांसकट घेऊन आली आणि कुणाला काही न बोलता सुनेच्या उशीवर ठेवून भाजी आणायला निघून गेली.

मी नंतर सुनेला फोन करून विचारलं, नीट बसतात का?

"डावं बसतं, ताई. उजवं पडतं. त्यांना नका सांगू."

"बदलून आणू का?"

"नको. मी आडवी झाले की आई दारात येऊन बघतात. दोन्ही कानांत दिसले की जातात. मग झोप लागते मला."

"आणि खोलीचं काय झालं?"

"खोपोलीला फार डास आहेत म्हणे," ती म्हणाली.

परवा दुपारी भिसेगावात काम होतं म्हणून वाकडी वाट करून आत्याकडे गेले. ती बाहेर पायरीवर बसली होती. शेजारी डंक असा चालला होता की पायरी हलत होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि काहीतरी पुटपुटली. त्या धाडधाडीत मला काही ऐकू आलं नाही. एकेकाळी शाळेच्या चारी वर्गांना ऐकू जाईल असं बोलणारी बाई, तिनं माझा कान धरून जवळ ओढला आणि त्याहून हळू आवाजात म्हणाली, "हळू चाल गं. झोपलीय."

मी पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या.